द्रोणवडाचं भेटकलम

माझं नाव काशी. पालीच्या बाजारातून कोल्हापूरचा रस्ता चढणीला लागतो, तिथे रस्त्याच्या कडेला आमचं कौलारू घर आहे आणि मागे माझे कलमांचे वाफे. मी हापूसची कलमं बांधते. आधी बाबा बांधायचे, त्यांच्यानंतर मी. नवरा सखाराम मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आला तर आला. मुलगी हौसा, ही गोष्ट घडली तेव्हा सात वर्षांची होती. एवढीच माझी माणसं. आणि मी भुताखेतांची बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. झाड मेलं तर मी मुळं उकरून बघते, अंगारा आणायला धावत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी भेटकलम म्हणजे काय तेही सांगते. कोयीपासून उगवलेलं रायवळ आंब्याचं रोप मडक्यात वाढवायचं. ते मडकं उचलून हापूसच्या झाडाजवळ न्यायचं, बांबूचा माच बांधून फांदीच्या उंचीला ठेवायचं. रोपाला एक काप, हापूसच्या डहाळीला तसाच काप. काप कापाला भिडवायचा, केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, गच्च बांधायचा, वरून शेणमातीचा लेप. अडीच-तीन महिन्यांत दोघं एकजीव होतात. मग डहाळी तिच्या झाडापासून तोडायची नि रोपाचा शेंडा उडवायचा. खाली मूळ रायवळाचं, वर झाड हापूसचं. खालच्याची जात वर चढत नाही, वरच्याची खाली उतरत नाही. आमचा सगळा धंदा यावर उभा आहे.

एकोणीसशे एकतीस सालच्या वैशाखात मी रत्नागिरीला बापूसाहेब शेवडे वकिलांच्या ओटीवर बसले होते. बापूसाहेब शिरगावच्या कातळावर सहाशे हापूस लावणार होते आणि ते काम मला हवं होतं. धोंडू नाचणकरही आलेला. धोंडूकाका नि माझे बाबा एकाच गुरूच्या हाताखाली शिकले, त्यामुळे मला तो लहानपणापासून बघत आलेला.

"बापूसाहेब," तो म्हणाला, "बाईच्या हातचं कलम धरत नाय. उगीच कातळावर कशाला घालवता?"

"माझी तीनशे कलमं मुलखात उभी हायत, धोंडूकाका. जाऊन बघा, धरलीत का नाय ती."

"ती तुझ्या बापसाने बांधल्येली. तू पाणी घातलंस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटची चार वर्षं बाबांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. ते माचावर शेजारी बसायचे, बांधायची मी. पण गिऱ्हाईक यायचं ते बाबांचं, धाकूचं, नाव घेऊन, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. आता उघडलं तर कोण ऐकणार?

बापूसाहेबांना पुस्तकांचा नाद. त्यांना गंमत सुचली. "तुमच्या पालीच्या राईत तो द्रोणाच्या पानांचा वड आहे ना? कृष्णवड म्हणतात त्याला. फार दुर्मिळ झाड. त्याचं कलम आजवर इथे कुणाला साधलेलं नाही. धोंडूने दोनदा करून पाहिलं." धोंडूकाकाने खाली बघितलं. "मार्गशीर्षात इथे शेतकी प्रदर्शन आहे. तोवर एक जिवंत कलम आण, काशी. पानांना द्रोण हवेत. आणलंस तर सहाशे तुझी."

"नि नाय जमलं तर?" धोंडूकाकाने विचारलं.

"तर चाकू खाली ठेवीन," मी म्हटलं. "मुंबईला जाऊन नवऱ्याच्या भाकऱ्या भाजीन."

बोलले रागात, पण दोघांनी ऐकलं. सखारामची तीन पत्रं आली होती, कलमं पुरे, इकडे ये म्हणून. त्याची खोली मी पाहिली होती. आठ बाप्ये, एक मोरी, खिडकीतून समोरची भिंत. तिथे माझा जीव चार दिवस टिकला नसता. म्हणजे हरून चालणार नव्हतं.

ही देवाची राई आमच्या घरापासून अर्ध्या कोसावर. मधला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडला की ऊन संपतं. तिथलं वाळकं पानही कुणी उचलत नाही. आत राखणदाराचा पाषाण आहे आणि पाषाणामागे दोन वड, जवळजवळ सारख्याच घेराचे. एक साधा, दुसरा द्रोणाचा.

मी दोघांचं एकेक गळलेलं पान कातळावर शेजारी शेजारी ठेवलं. साध्या वडाचं पान वीतभर लांब, जाड, देठाकडे गोल आणि सपाट. द्रोणवडाचं त्याहून जरा आखूड, आणि देठाजवळच्या दोन्ही कडा मागे वळून एकमेकींना जुळलेल्या. शिवण म्हणून कुठे नाही. तिथे बोटभर खोल खिसा तयार झालेला, पळीभर पाणी सहज मावेल असा. बापूसाहेब सांगत होते की कृष्णाने चोरलेलं लोणी लपवायला ही पानं दुमडली. आमच्या हवेत ते लोणी घटकाभरात वितळून त्याच्याच अंगावर आलं असतं!

एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा बघितली. आपण द्रोण लावतो तेव्हा पानाची गुळगुळीत बाजू आत घेतो, आमटी गळू नये म्हणून. इथे चकचकीत बाजू बाहेर होती आणि पाठीकडची फिकट, लवेची बाजू आत. ज्याने हे लावले त्याला आपली रीत ठाऊक नाही, असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं.

केरू गुरव राईची पूजाअर्चा बघायचा. त्याने मला त्याच झाडाच्या फळांतून राईच्या दगडी भिंतीत उगवलेली रोपं दाखवली. सगळी सपाट पानांची. "बी पेरून हा येत नाय," तो म्हणाला. "फांदी लावली तर वाळते. एकटाच हाय तो."

"म्हणून तर भेटकलम बांधत्ये, केरूमामा."

"आधी कौल घे."

घेतला. माझा विश्वास नसला तरी गावाची रीत मोडून गावात राहता येत नाही. आषाढातल्या एका सकाळी केरूमामाने पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "हे बा राखणदारा, धाकूची लेक काशी तुझ्या झाडाची डहाळी मागत्ये. द्यायची असली तर उजवी दे, नसली तर डावी दे." उजवी पाकळी लगेच पडली. मी हात जोडून उठले, तोवर डावीही पडली.

केरूमामाने दोन्ही पाकळ्या उचलून तळहातावर घेतल्या. "होय म्हणाला," तो म्हणाला. "नि आणिक कायतरी म्हणाला."

"काय?"

"मना काय म्हाईत! चाळीस वर्षांत असं झालं नाय."

चार रोपं मी त्या भिंतीतूनच काढून मडक्यांत वाढवली होती. द्रोणवडाच्या एका आडव्या फांदीखाली माच बांधला आणि चारही मडकी ओळीने ठेवली, पहिलं शेंड्याकडे, चौथं बुंध्याकडे. भेटकलम बांधायला दोन माणसं लागतात, एकाने काप धरायचा, दुसऱ्याने बांधायचं. राईतल्या झाडावर चढायला माझ्याबरोबर कोण येणार? मी डहाळी दातांत धरली नि बांधलं. वडाचा चीक आणखी त्रास देतो. काप दिला की पांढरा धो धो वाहतो आणि सांधा कुजवतो. धोंडूकाकाची कलमं त्यानेच गेली असणार. मी काप देऊन थांबले, पाण्याने धुतला, पुन्हा थांबले, चीक पुरता आटल्यावरच काप भिडवले. चार कलमांना सबंध दिवस गेला. घरी आले तेव्हा मान वाकडी झाली होती, पण मी खूश होते. काम चोख झालं होतं.

श्रावणात ऊन-पाऊस चालू झाला. रोज सर यायची, त्यामुळे फांदीवरचे सगळे द्रोण भरलेले असायचे. मी दुपारी जेवण उरकून जायची, मडक्यांची माती चाचपायची, परत यायची. एक दिवस बघते तर फांदीच्या शेंड्याकडचे तीन द्रोण कोरडे. नुकता पाऊस पडून गेलेला, वरून पागोळ्या गळतायत, नि हे तीन आतून कोरडे ठणठणीत. माकडं प्यायली असतील, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाच कोरडे. तिसऱ्या दिवशी आठ. मधला एकही सुटलेला नाही. माकड असं ओळीने पीत नाही. मी चुलीतली राख नेऊन फांदीवर जाड थर दिला, पानांचं छप्पर होतं तिथे ती पावसातही टिकली असती. चौथ्या दिवशी अकरा द्रोण कोरडे, आणि राखेवर मुंगीचंसुद्धा पाऊल नाही.

त्याच दिवशी पहिलं कलम मान टाकू लागलं. कोरड तिथवर पोचली होती.

मी काय नाही केलं! मडक्यांना पाणी वाढवलं, सावलीला माडाची झापं बांधली, सांध्यावर ताजं शेण लावलं. पहिलं वाळलं. पाच दिवसांनी दुसरं. मग तिसरं. पाणी पडत होतं, मुळं ओली होती, सांध्यात कीड नव्हती. उकरून बघितलं, कारण सापडलं नाही. मला भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या कामात चूक असेल तर मी मान्य करीन, पण चूक दाखवा तरी!

अशात धोंडूकाका पालीच्या बाजाराला आला होता, तो राईत डोकावला. खाली उभा राहून त्याने तीन वाळकी रोपं मोजली. "काशी गो," तो हसत म्हणाला, "मुंबईच्या बोटीत जागा धरून ठेव आधीच. गणपतीत गर्दी असते."

तो गेल्यावर मी माचावर बसून रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले. राईबाहेर ऊन लखलखीत पडलं होतं. मी चौथ्या कलमाशी बसले होते; वाळक्या तिसऱ्याच्या आणि माझ्यामध्ये सहा द्रोण होते, सहाही काठोकाठ भरलेले. मी पदराने डोळे पुसले. पदर खाली घेतला तेव्हा लांबचे तीन रिकामे होते.

मी बघत राहिले. वारा नव्हता. चौथ्या द्रोणातलं पाणी हललं नाही, सांडलं नाही, फक्त उतरत गेलं. आणि अगदी जवळून, कुणी घाईने पीत असावं तसा घोटाचा आवाज आला.

पळायला हवं होतं. पण पळाले तर चौथंही गेलं असतं आणि मी मुंबईला. मी कळशी उचलली आणि एकेक द्रोण भरत सुटले. "घे!" मी ओरडले. "पी! हवं तेवढं पी! पण माझं कलम सोड!" कळशी संपली. मी पऱ्यावरून दुसरी भरून आणली, ती ओतली. तिसरी आणली. द्रोण भरत होते तसे रिकामे होत होते. तिसऱ्या कळशीच्या तळाला एक द्रोण भरला तो भरलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गेले तर चौथं कलम टवटवीत. त्याच्या सांध्यावरचा लेपही छान गुळगुळीत झालेला, जसा काही आताच सारवलाय. पावसाने बसला असेल, असं मी धरून चालले. त्या दिवसापासून मी रोज तीन कळशा ओतू लागले. केरूमामा लांबून बघायचा, जवळ यायचा नाही.

भाद्रपदात मी डहाळीला खाली अर्धा काप दिला, आठवड्याने उरलेला. तोडलं तेव्हा जिवात जीव नव्हता. पण कलम उभं राहिलं! वर नवी पालवी फुटली, पाच पानं, पाचही द्रोणाची. मी माचावर उभी राहून एकटीच मोठ्याने हसले. हिंमत असेल तर आता म्हणा, बाईच्या हातचं धरत नाही!

मग माझं लक्ष खाली गेलं. सांध्याच्या खाली, सपाट पानांच्या रोपाच्या स्वतःच्या खोडावर, एक कोवळं पान फुटत होतं. मी ते नखाने हलकेच उलगडलं. त्यालाही द्रोण होता.

वरच्याची जात खाली उतरत नाही. बाबांनी हे मला हजारदा सांगितलं असेल. मी ते पान तोडायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. प्रदर्शनाला दोन महिने होते.

मार्गशीर्षात मी ते मडकं मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीने रत्नागिरीला गेले. हौसा बरोबर होती, नवा परकर घालून. मैदानात मोठा मांडव, भोपळे, सुरण, नारळाच्या पेंडी, भाताच्या लोंब्या, आणि मिरकरवाड्यापासून सगळं गाव लोटलेलं. माझ्या मडक्याभोवती तर ही गर्दी! परीक्षक पुण्याहून आलेले, गोऱ्हे म्हणून, चष्मा आणि हातात मोजपट्टी. त्यांना आधी वाटलं की मी पानं डिंकाने चिकटवलीत. त्यांनी एक पान गरम पाण्यात धरलं, कडा ओढून पाहिल्या. सुटल्या नाहीत. वरचे पाच द्रोण त्यांनी मोजले, मग खालचा. चष्मा काढून पुसला.

"हे सांध्याच्या खाली कसं आलं, बाई?"

"मलाही ठाऊक नाय, साहेब. आलं खरं."

"नवलच आहे," ते म्हणाले. आणि वहीत पुष्कळ वेळ लिहीत राहिले.

बापूसाहेबांचा चेहरा खुलला होता. तेवढ्यात धोंडूकाका गर्दीतून पुढे आला. "साहेब, लेप काढा. गाठ बघूया."

लेप काढण्यात काही वावगं नव्हतं, सांधा पक्का झालेला होता. गोऱ्हेसाहेबांनी काडीने माती खरवडली. सोपट दिसू लागलं. धोंडूकाका वाकला आणि ताठ झाला.

"ही हिच्या हातची गाठ नाय," तो म्हणाला. "आमच्या गुरूने सगळ्यांना उजवीकडून गुंडाळायला शिकवलं. मी तसंच, हिचा बापूस तसाच, ही पण तशीच. हे डावीकडून गुंडाळलंय. नि हे टोक बघा, आत दाबलंय. आम्ही वर ठेवतो. दुसऱ्या कुणाकडून बांधून आणलंस गो, काशी?"

मी वाकून बघितलं. तो खरं बोलत होता.

तीन पदरी वेढा, डावीकडून उजवीकडे, टोक आत. इतका नेटका की दोन वेढ्यांमध्ये सुई गेली नसती. मी असं कधीच बांधलेलं नव्हतं.

"मीच बांधलंय," मी म्हटलं. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

"मग बांधून दाखव," धोंडूकाका म्हणाला. "इथे. सगळ्यांच्या समोर."

कुणीतरी दोन डहाळ्या आणून दिल्या. कुणी सोपट ओलं करून दिलं. मांडवात एवढी शांतता की हौसाच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

मी काप दिले. भिडवले.

सोपट उजव्या हातात घेतलं. डावीकडून बांधायचं कसं हे मला खरोखर माहीत नव्हतं. चाचपडत बांधावं आणि पकडलं जावं, एवढंच उरलं होतं. मुंबईची ती खोली डोळ्यांपुढे आली.

मग सोपट माझ्या डाव्या हातात गेलं.

ते मी नेलं नाही.

पहिला वेढा बसला. दुसरा. तिसरा. बोटं भराभर चालली होती आणि मी नुसती बघत होते. टोक आत गेलं, अंगठ्याने दाबलं गेलं. बाबांचेही हात इतके चलाख मी पाहिले नव्हते.

गोऱ्हेसाहेबांनी दोन्ही गाठी शेजारी धरल्या. "एकच हात आहे," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बापूसाहेब "शाबास काशीबाई! शाबास!" म्हणून ओरडले, मला बाई म्हणून त्यांनी पहिल्यांदाच हाक मारली. धोंडूकाकाने गाठीवरून अंगठा फिरवला. मग त्याने डोक्याची टोपी काढली नि म्हणाला, "माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, काशी. चुकलो मी. तुझ्या हाताला तोड नाय." माझे डोळे भरून आले. बाबा असायला हवे होते. पदक माझ्या गळ्यात पडलं तेव्हा माझे दोन्ही हात पुन्हा माझे झाले होते, फक्त घसा कोरडा पडला होता. मी तिथल्या माठातलं पाणी किती प्यायले, त्याला हिशेब नाही.

घरी आल्यावर ती तीन वाळकी कलमं मी सोडून पाहिली. तिन्ही उजवीकडून बांधलेली होती.

सहाशे कलमं मी दोन पावसाळ्यांत पुरी केली. त्यातलं एक मेलं नाही. एकही नाही! असं या मुलखात कुणाचं झालेलं नाही, धोंडूकाकाचंही नाही, बाबांचंही नाही. लांज्याहून, राजापुराहून माणसं येऊ लागली. काशीचं कलम म्हणून मागू लागली, धाकूचं नाव कुणी घेईना. धोंडूकाकाने स्वतःचा पुतण्या माझ्याकडे शिकायला पाठवला. सखारामने लिहिलं की राहा तिकडेच, मीच येतो पुढच्या वर्षी. मी दिवसाला तीस कलमं बांधायची आणि दुसऱ्या दिवशी माचावर चाळीस भरायची. वरची दहा डावीकडून बांधलेली असायची, माझ्यापेक्षा नेटकी. मी त्यांचा लेप काढून कुणाला दाखवला नाही. नाव माझंच होतं.

द्रोणवडाचं ते कलम मी विहिरीजवळ लावलं. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. रोज सकाळी एक कळशी त्याच्या द्रोणांत ओतायची, मग कामाला लागायचं. तीन वर्षांत हे चुकलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात चुकलं. शिरगावला बागेत आळी करायची होती, गाडीवाला लवकर आला, मी घाईघाईने निघाले. दुपारी परतले तेव्हा हौसा ओटीवर एकटी बसून गजगे खेळत होती. सकाळी मी तिला विंचरलंही नव्हतं. आता तिच्या पाठीवर दोन वेण्या होत्या, घट्ट, एक केस सुटलेला नाही. शेवटाला फितीऐवजी केळीचं सोपट गुंडाळलेलं होतं.

"वेणी कुणी घातली गो?"

"तूच नाय का मघाशी?" ती म्हणाली. "आधी पाणी मागितलंस. कळशी संपवलीस सगळी. मग म्हणालीस, बस इथे, केस बघ कसे झालेत."

मी तिच्या मागे बसले. वेणी हातात घेतली. वेढा तीन पदरी, टोक आत दाबलेलं. एवढी सुरेख वेणी मला या जन्मात घालता आली नसती.

"आये, उद्यापण घालशील?" हौसा वळून म्हणाली. "रोजच्यासारखी नको. मघासारखी."

दुसऱ्या दिवशी राजापूरची माणसं दोनशे कलमं न्यायला येणार होती, काशीच्या हातची. मी उठले. स्वयंपाकघरात गेले, रिकामी कळशी उचलली, फडताळावरची दुसरी खाली काढली आणि विहिरीवर जाऊन दोन्ही भरून आणल्या. एक आमच्यासाठी.